फ्रेटचा भुगा

गड्डीगोदामला, मेट्रोच्या खांबाशी,
कूलरच्या टाक्या ठोकणाऱ्याच्या शेजारी माझं दुकान.
मी गिटार वाजवत नाही.
म्हणजे, वाजवायचो. मानेवाड्याच्या एका लग्नात
नवरीच्या भावानं अर्ध्या गाण्यात वायर काढून घेतली,
तेव्हापासून दुरुस्त करतो.

लोक विचारतात, सगळ्यात भारी कोण हो?
तुम्ही तर एकेकाचे हात पाहिले.
हात नाही पाहिले, पट्ट्या पाहिल्या.
तार रोज जिथं दाबली जाते
तिथं पट्टीला खाच पडते, उंबरठ्याला पडते तशी.
ती खाच वाचता येते मला. एवढीच माझी विद्या.

सिरिल डिक्रूझ, अजनीचे मालगाडीचे गार्ड.
त्यांची गिटार दुकानात आली, ते गेल्यावर.
पट्ट्या कोऱ्या. ओरखडा नाही.
मी म्हटलं, ही वाजलेलीच नाही.
त्यांची मुलगी मर्सी हसली.
अहो, मांडीवर आडवी घेऊन वाजवायचे पप्पा,
पोलादाची कांडी तारेवरून सरकवत.
रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाताळच्या रात्री
जोड्या नाचता नाचता उभ्या राहत, म्हणे,
कारण एका सुरावरून दुसऱ्यावर पोचायला
ते इतका वेळ घेत
की मधून एक अख्खी मालगाडी निघून जाई.
मी ते ऐकलेलं नाही.
माझ्या वहीत त्यांची झीज शून्य.
तेव्हापासून वहीवर माझा पूर्ण भरवसा नाही.

इंदोऱ्याचा हिरामण वासनिक.
एप्रिल लागला की त्याला घर नसायचं,
आज ट्रकवरचं स्टेज, उद्या चौकातलं.
पहिल्या तीन पट्ट्या अशा खाल्लेल्या
की दरवर्षी बदलायचो, आणि पुढच्या सगळ्या नव्या.
मी चिडवायचो, पुढं बी गाव आहे बे, कधी तरी जा.
तो म्हणायचा, "कायले जाऊ? गाणारा इकडं आहे ना."
एकदा कामठीला मी स्टेजमागं उभा राहिलो.
त्याची नजर तारांवर नव्हतीच,
गाणाऱ्याच्या मानेवरच्या शिरेवर होती.
दम तुटणार हे गाणाऱ्याच्या आधी त्याला कळे,
मग तो एक फेरा जास्तीचा घाली,
म्हाताऱ्या माणसामागं खुर्ची सरकवावी
तितक्या गुपचूप.
टाळ्या गाणाऱ्याला.
याच्या पाकिटात सव्वादोनशे.

आणि ही मृण्मयी लांजेवार.
मे महिना, शेहेचाळीस डिग्री, स्कार्फमधून फक्त डोळे.
सात तारांची गिटार, उन्हानं मान वाकलेली,
बाराव्या पट्टीपासून शेवटपर्यंत नुसती चाळण.
वाजवते इतकी वेगानं
की माझा डावा कान, जो अजून चालतो, मागं राहतो.
फोनसमोर एक मिनिट, चेहरा न दाखवता.
मी बोललोच, ही तर मशीन झाली, पोरी.
"हो ना काका," म्हणाली, आणि पाणी मागितलं.

मी रॉड पिळून मान सरळ करत होतो.
ती स्टुलावर, मांडीवर माझ्या भंगारातली गिटार.
कूलरचा पंखा एका बाजूला घासतो.
बावीस वर्षं तो आवाज ऐकतो मी,
म्हणजे ऐकत नाही.
तिनं जाड तार सैल केली,
थोडी,
अजून थोडी,
आणि थांबली.
तार कुठं संपते, कूलर कुठं सुरू होतो, कळेना.
मग वर एकच सूर ठेवला तिनं,
आणि तो विझेपर्यंत दुसऱ्याला हात लावला नाही.
बाहेर टाकीवाल्याचा हातोडा थांबला.
किंवा त्याच्या डब्याची वेळ झाली असेल.

कोणी शिकवलं हे?
"शिकवायचं काय त्यात? तो तर केव्हाचा वाजतोय, काका."

पैसे घेताना मी दोनशे कमी सांगितले.
तिनं पूर्ण मोजून ठेवले.

संध्याकाळी कूलरला तेल घालायचं होतं.
डबी काढली,
भुगा झाडला,
डबी परत फळीवर ठेवली.